बोधीचं ऑडिट

भीमराजच्या घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळायच्या आधी फ्रिजवरचा आलेख समजून घ्यावा लागायचा. वर एक तांबडी रेघ, खाली एक तांबडी रेघ, मधोमध हिरवी, आणि त्यांच्यामधून डुलत डुलत वर चढणारे निळे ठिपके. हे ठिपके म्हणजे त्याच्या लेकीचं, बोधीचं, वजन. भीमराज चाकणजवळच्या महाळुंग्यात ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर पार्ट मोजायचे, बरोबर असेल त्यावर हिरवा शिक्का, नसेल तो तांबड्या पेटीत. असा माणूस घरी आल्यावर गप्प बसेल कसा? पाहुणा म्हणायचा, "वा, छान वाढतेय की." भीमराज म्हणायचा, "नुसती छान नाही, मागच्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅम!" आणि मग कुठं आतून अंजलीचा चहा यायचा.

पण त्याला हसू नका. माणूस उगाच ठिपक्यांच्या मागं लागत नाही. बोधी जन्मली तीच हृदयात छिद्र घेऊन. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला चांगलं मोठं छिद्र. छातीचा भाता सारखा चालू. दोन घोट दूध ओढलं की दमून झोपायची, भुकेनं परत उठायची, परत दोन घोट. पोटात जाईल ते सगळं श्वास घेण्यातच खर्ची पडायचं. सातव्या महिन्यात ऑपरेशन करून छिद्र बुजवलं तेव्हा तिचं वजन होतं चार किलो आठशे. समोरच्या दारातलं तीन महिन्यांचं पोर तिच्याहून गुबगुबीत होतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात तिनं एका बैठकीत अख्खी बाटली संपवली. अंजली बाटली हातात धरून रडायला लागली आणि भीमराजनं त्या रिकाम्या बाटलीचा फोटो काढून क्वालिटीच्या ग्रुपवर टाकला. एक्केचाळीस अंगठे आले. मॅनेजरनंही दिला, आणि हा माणूस कशालाच अंगठा देत नसे.

आलेखाच्या डाव्या टोकाला मात्र एक आंब्याच्या आकाराचं मॅग्नेट होतं, आणि ते भीमराज कधी हलवू द्यायचा नाही. त्याखाली अडीच महिन्यांचा ठिपका होता. त्या दिवशी बोधीला लस द्यायला नेलं होतं. फॉर्म भरणाऱ्या सिस्टरनं मान वर न करता विचारलं होतं, "दूध पिताना दमते का? कपाळाला घाम येतो का?" आणि भीमराज फटकन म्हणाला होता, "नाही सिस्टर, एकदम ओके." खोटं बोलायचं म्हणून बोलला नव्हता हो. हातात फाइल घेतलेलं माणूस समोर आलं की सगळं ओके म्हणायचं, ही त्याच्या जिभेची दहा वर्षांची सवय. दमत होती, घामही येत होता, पण ते उन्हाळ्यामुळं असेल असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. छिद्र सापडायला पुढं साडेतीन महिने गेले. ही गोष्ट भीमराजनं कुणाला सांगितली नव्हती.

तर आता बोधी अडीच वर्षांची झाली. वजन अकरा किलो दोनशे. हृदयाचे डॉक्टर छातीला नळी लावून, पडद्यावर सगळं फिरवून बघून म्हणाले, "झकास. आता वर्षानं या." भीमराजला आकाश ठेंगणं झालं. पण डॉक्टरांनी लगेच एक कागद पुढं सरकवला. "एवढ्या लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेली काही मुलं चालण्याबोलण्यात, समजेत मागं राहतात. म्हणून ही तपासणी करून घ्या. पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी, पिंपरीतच आहे. जाण्याआधी हा फॉर्म घरी भरा."

भीमराजनं त्यातल्या दोनच गोष्टी ऐकल्या. तपासणी. तारीख. बाहेर येऊन रिक्षात बसता बसता तो अंजलीला म्हणाला, "बोधीचं ऑडिट आहे."

आता ऑडिट म्हणजे काय, हे ज्याचं नशीब चाकणकडं गेलं नाही त्याला सांगायला हवं. गाड्या बनवणाऱ्या बड्या कंपनीची माणसं छोट्या कंपनीचं काम बघायला येतात, ते ऑडिट. पंधरा दिवस आधी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांना नवा रंग लागतो. खराब मालाच्या तांबड्या पेट्या शेडमागं जातात. कुंड्या येतात. आणि काय विचारलं तर काय म्हणायचं, हे प्रत्येकाकडून घोकून घेतलं जातं. साचे-हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममधल्या किसननं एकदा तीन उत्तरं पाठ केली होती, पहिलं, दुसरं, तिसरं. साहेबानं नेमका तिसरा प्रश्न पहिल्यांदा विचारला, "आग लागली तर काय कराल?" किसन छाती काढून म्हणाला, "ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय." त्या ऑडिटमध्ये सुद्धा कंपनी पास झाली होती. तयारी असली की पास होतोच, यावर भीमराजचा ठाम विश्वास होता.

फॉर्मवर तीस प्रश्न होते. आठ ठोकळ्यांचा मनोरा रचते का? सांगितल्यावर नाक, कान, डोळे दाखवते का? दोन शब्द जोडून बोलते का? कठड्याला धरून जिना चढते का? प्रत्येकापुढं तीन चौकोन: हो, कधीकधी, अजून नाही. भीमराजनं पेन काढलं आणि तीसच्या तीस ठिकाणी "हो" वर खूण केली. एका दमात.

"अहो, काय करताय?" अंजली शिलाई मशिनवरून ओरडली. ती घरी ब्लाऊज शिवायची. "बोधीला चार शब्द येतात. आई, दे, नाय आणि बू. बू म्हणजे रस्त्यावरची बस. दोन शब्द जोडून कधी बोलली ती?"

"शनिवारपर्यंत बोलेल. आधी कागद, मग तयारी. आपल्याकडं असंच असतं."

"तुमच्याकडं असेल. माझ्याकडं बाया पोट आत ओढून माप देतात. मी म्हणते, ताई, श्वास सोडा. त्या म्हणतात, नाही नाही, एवढंच आहे. मग ब्लाऊज अंगाला रुततो, हूक लागत नाही, आणि भांडायला माझ्याकडंच येतात."

भीमराजला हे ब्लाऊजचं काही पटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. पोरीच्या कागदावर "मंद" असा एक शब्द कुणी लिहिला की तो जन्मभर पुसला जायचा नाही, बालवाडीपासून लग्नापर्यंत सोबत यायचा, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. तांबड्या पेटीत गेलेला पार्ट परत हिरवा झालेला त्यानं कधी बघितला नव्हता.

मग जी तयारी सुरू झाली, तिला तोड नाही. किसननं टूलरूममध्ये जेवणाच्या सुटीत ॲल्युमिनियमचे आठ ठोकळे बनवले. एक इंच बाय एक इंच, केसाचासुद्धा फरक नाही, कडा घासून गोल केलेल्या. "भावा, यावर मनोरा रचला नाही तर चूक पोरीची नाही, जमिनीची," तो म्हणाला. ठोकळे एवढे सपाट होते की एकावर एक ठेवले की चिकटल्यासारखे बसायचे. बोधीनं पहिल्याच दिवशी पाच रचले, सहावा तोंडात घातला.

शेजारच्या अंबूबाई तालमीपुरत्या डॉक्टर झाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिपाई होत्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांना कुणावर तरी ओरडायची संधी हवीच होती. नाकावर चष्मा, हातात वही, गळ्यात अंजलीचा माप घ्यायचा टेप. "नाव काय तुजं? सांग! न्हाई सांगणार? बरं, नाक दाखव. नाक कुठं हाय?" बोधी नाकावर बोट ठेवायची. तिसऱ्या मजल्याचा अख्खा पॅसेज टाळ्या वाजवायचा. "कान?" बोट कानावर. टाळ्या. "डोळं?" बोट डोळ्यात, थेट आत, आणि मग थोडं रडणं. पण टाळ्या होत्याच. दर बरोबर उत्तराला उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा. आठवड्याभरात नाक, कान, डोळे असं सुरू केलं की बोधी विचारायच्या आधीच बोट फिरवायला लागली. भीमराज तर खुशीनं वेडा व्हायचा बाकी होता.

या सगळ्यावर नाराज एकच व्यक्ती, भीमराजची आई चिमाबाई. ऑपरेशनसाठी म्हणून त्या गंगाखेडहून आल्या त्या परत गेल्याच नाहीत. दोन वर्षं बोधी त्यांच्या कडेवर होती. खाली सोडायची परवानगीच नव्हती. "आरं, लेकराला कामून पळवायलास? दमंल ना ती! छाती फाडून शिवलीया तिची!" बोधी चालायला लागली तीच मुळात एकविसाव्या महिन्यात, आणि तेसुद्धा चिमाबाईंना डोळा लागला होता म्हणून. इमारतीला लिफ्ट नाही, तीन मजले, पण बोधीच्या पायाला जिना ठाऊक नव्हता. जिन्याचा प्रश्न फॉर्मवर विसावा होता. त्याची तयारी भीमराजनं आईच्या धाकानं सोडून दिली. तिथं जिना नसेल असं तो धरून चालला.

दोन शब्दांचं काही जमेना. "आई दे, म्हण. आई, दे." बोधी म्हणायची, "आई." मग थोडा वेळ विचार करून म्हणायची, "नाय." तेवढ्यानंही टाळ्या मिळाल्या. पोरगी इतकी खूश की प्रत्येक गोष्टीला स्वतःच टाळ्या वाजवू लागली. दुधाला टाळ्या, आंघोळीला टाळ्या, खाली जाणाऱ्या कचऱ्याच्या गाडीला टाळ्या.

शनिवार उजाडला. भीमराजनं इस्त्रीचा शर्ट घातला, फाइलमध्ये वजनाच्या आलेखाची रंगीत प्रत ठेवली. अंबूबाईंनी दारात उभं राहून शेवटची उजळणी घेतली. चिमाबाईंनी नातीला कडेवरून खाली तीन मजले उतरवलं आणि रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

तपासणी करणाऱ्या स्वरूपा मॅडम भीमराजच्या कल्पनेपेक्षा फारच वेगळ्या निघाल्या. पन्नाशीच्या, गोल, आणि खुर्ची सोडून चटईवर मांडी घालून बसलेल्या. आजूबाजूला बाहुल्या, चेंडू, रंग उडालेले लाकडी ठोकळे. ठोकळ्यांच्या कडा तर कुणीतरी चावलेल्या. हे मोजून बघितलेले ठोकळे नव्हते.

मॅडमनी फॉर्म चाळला. "अरे वा! सगळंच हो?"

"हो मॅडम," भीमराज म्हणाला. अंजली खिडकीकडं बघत राहिली.

"बोधी, ये. मनोरा करूया?"

बोधी चटईवर बसली. एक, दोन, तीन. चावलेले ठोकळे डुगडुगत होते, पण पोरीचा हात किसनच्या ठोकळ्यांवर बसला होता. पाच, सहा. सातव्याला मनोरा झुकला, बोधीनं श्वास रोखला, भीमराजनं रोखला, आणि सातवा राहिला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. बोधीनंही. "छान! आता नाक कुठंय?" नाक. "कान?" कान. "डोळे?" डोळे. त्याच क्रमानं! भीमराजला वाटलं की आत्ता उठून नाचावं. घामानं ओला झालेला शर्ट त्याच्या पाठीला चिकटला होता आणि तो दात काढून हसत होता.

"घरी दोन शब्द जोडून बोलते ना? इथं लाजत असेल."

"घरी चुरूचुरू बोलते मॅडम. ऐकवत नाही इतकी बोलते."

अंजलीनं खिडकीकडून मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. भीमराजनं बघितलं नाही.

"मस्त मग," मॅडम म्हणाल्या. "ही पहिली चाळणी असते. यात शंका आली तर आम्ही तास दीड तासाची मोठी तपासणी करतो आणि मग थेरपी सुरू करतो. हिला काही गरज दिसत नाही. वर्षानं आणा." त्यांनी फाइल जवळ ओढली. "मागची थोडी माहिती लिहून घेते आणि मग मोकळे तुम्ही."

पास! भीमराजला पेढ्यांचं दुकान डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

"छिद्र कितव्या महिन्यात कळलं?"

"सहाव्या, मॅडम."

"बरंच उशिरा. मोठं छिद्र होतं हे. दूध पिताना दमायची असेल, घाम येत असेल." मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, मान खाली. "लसीकरणाला नेलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं का?"

खोलीत पंखा फिरत होता. बोधी एक ठोकळा दुसऱ्यावर आपटत होती. भीमराजच्या तोंडात उत्तर तयार होतं, नेहमीसारखं, नाही मॅडम, कुणी विचारलंच नाही. नुसतं सोडायचं होतं. फॉर्मवर वाकलेली ती मान, हातातलं ते पेन, सगळं तसंच होतं, आणि बोधी तेव्हासारखीच त्याच्यासमोर होती, स्वतःचं काही सांगता न येणारी.

"विचारलं होतं," तो म्हणाला.

मॅडमनी वर बघितलं.

"सिस्टरनं विचारलं होतं. मीच म्हणालो, एकदम ओके." आणि मग त्याला थांबताच येईना. "आणि मॅडम, हेसुद्धा ओके नाही. हे सगळं पढवलंय. ठोकळे आम्ही कंपनीत बनवले. नाक, कान, डोळे तिला पाठ आहे. क्रम बदला, बघा काय होतं ते. चार शब्द येतात तिला. जिना तर माहीतच नाही. तीस हो मी एका दमात लिहिले. तुम्ही तिच्यावर शिक्का माराल म्हणून घाबरलो होतो. पण मागच्या वेळी माझ्या ओकेमुळं पोरीचे साडेतीन महिने गेले मॅडम. हे वर्ष नको जायला."

एवढं बोलून तो रडायला लागला. चांगला पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घातलेला, छोट्या मुलांच्या चटईवर बसून हमसाहमशी रडला. बोधीनं बापाकडं बघितलं आणि टाळ्या वाजवल्या.

अंजली उठून त्याच्याजवळ येऊन बसली. "त्या दिवशी मीपण तिथंच होते की, भीमा," ती हळूच म्हणाली. 'भीमा' ती फार रागात नाहीतर फार मायेत म्हणायची. "मांडीवर मीच घेतलं होतं तिला. घाम माझ्याच पदराला पुसला. मीपण कुठं तोंड उघडलं?" दोन वर्षं दोघंही एकाच घरात एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते. भीमराजनं तिचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या रुतल्या.

स्वरूपा मॅडमनी दोघांना पाणी दिलं. मग म्हणाल्या, "त्या साडेतीन महिन्यांत औषध मिळालं असतं तर बरं झालं असतं, हे खरंय. पण ऑपरेशन तर झालंच असतं. ते गेलं आता. मला आजचं बघू द्या." त्या बोधीकडं वळल्या. "बोधी, डोळे कुठं आहेत?"

बोधीनं ऐटीत नाकावर बोट ठेवलं.

"आणि नाक?"

कान.

"आणि गुडघा?"

बोधीनं डोळ्यात बोट घातलं, ओय करून ओरडली, आणि अंड्याच्या तुकड्यासाठी हात पसरला.

पहिल्यांदा मॅडमना हसू फुटलं. मग अंजलीला. आणि मग भीमराजला, डोळ्यांत पाणी तसंच असताना, असं हसू आलं की त्याला उचकी लागली. ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय! त्यानं किसनची गोष्ट मॅडमना सांगितली, त्या चटईवर आडव्या व्हायच्या राहिल्या. बाहेरची रिसेप्शनवाली दार उघडून बघून गेली. इथं हृदयाच्या ऑपरेशनच्या मुलांचे आईबाप एवढे हसतात, हे तिनं कधी बघितलं नसावं.

मग मोठी तपासणी झाली. सव्वा तास. बोधी कुठं अडली, कुठं अडली नाही, सगळं लिहिलं गेलं. भीमराजनं नवा फॉर्म घेतला आणि या वेळी प्रत्येक प्रश्नाला अंजलीशी बोलून, वाद घालून, खूण केली. हो, आठ. कधीकधी, सात. अजून नाही, पंधरा. गंमत अशी की दर "अजून नाही"ला त्याला हलकं हलकं वाटत गेलं.

"हे बघा," मॅडम शेवटी म्हणाल्या, "पहिले सात महिने हिनं जे खाल्लं ते धापा टाकण्यात गेलं. अंगाला कमी पडलं तसं मेंदूलाही कमी पडलं. शिवाय रांगायच्या, वस्तू चाटायच्या, पडायच्या दिवसांत ही पलंगावर होती. वजन हिनं भरून काढलंय. बोलणंही बरंचसं भरून काढेल, पण ते आपोआप नाही होत. शिकवावं लागतं, आणि याच वयात लागतं. आठवड्यातून दोनदा इथं या. शिक्का वगैरे काही नसतो आमच्याकडं." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि एक सांगा, हिला कडेवर कोण घेऊन फिरतं?"

दोघांनी एकदमच सांगितलं, "हिची आजी."

"हृदय आता पक्कं आहे हिचं. पळू द्या. पडू द्या. दमली की तिची ती बसेल. आणि परीक्षा घेणं बंद. नुसतं खेळा तिच्याशी."

येताना भीमराजनं खरंच पेढे घेतले. अर्धा किलो. रिक्षातून उतरला तर इमारतीच्या दारात चिमाबाई आणि अंबूबाई दोघीही उभ्या. अंबूबाईंच्या गळ्यात अजून टेप होता.

"झाली का न्हाई पास?" अंबूबाईंनी विचारलं.

"नापास!" भीमराज ओरडला. "पंधरा प्रश्नांत नापास! घ्या पेढा!"

अंबूबाईंनी पेढा घेतला आणि अंजलीकडं बघितलं, याला झालंय काय, या नजरेनं. चिमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आन् तू पेढे वाटायलास व्हय रं?" भीमराजनं आईला तिथंच जिन्याच्या तोंडाशी सगळं सांगितलं. सिस्टरचं, ओकेचं, थेरपीचं, आणि कडेवरचंही. मग चिमाबाईंनी सवयीनं बोधीकडं हात पसरले, बोधीही सवयीनं पुढं झाली, आणि चिमाबाईंनी हात मागं घेतले. ते हात मागं घेणं त्यांना किती जड गेलं ते भीमराजला दिसलं. त्यांनी पदर कमरेला खोचला.

"चढ बाई," त्या नातीला म्हणाल्या. "तुझी तू चढ. म्या मागं हाय."

बोधीनं पहिल्या पायरीकडं बघितलं. मग तिच्यावर दोन्ही हात ठेवले, गुडघा टेकवला आणि चढली. वर जाऊन टाळ्या वाजवल्या. दुसरी. टाळ्या. मागं पदर खोचलेल्या चिमाबाई, त्यांच्या मागं टेपवाल्या अंबूबाई, अंजलीच्या हातात फाइल, भीमराजच्या हातात पेढे, अशी वरात निघाली. पहिल्या मजल्यावरच्या घरांतून माणसं बाहेर आली. काय आहे, कुणाचं आहे, विचारून न समजता पेढा घेऊन तीही मागं लागली.

पहिल्या मजल्याच्या वर, सहा पायऱ्यांवर, बोधीचा वेग कमी झाला. कपाळ ओलं झालं. चिमाबाईंचा हात आपोआप पुढं गेला आणि अंजलीनं तो धरला.

भीमराज लेकीच्या शेजारी पायरीवर बसला. "बोधी," तो म्हणाला, "दमलीस का?"

तो थांबला. तिच्या वतीनं काहीच बोलला नाही. मागची सगळी माणसंही बोलली नाहीत. बोधीनं बापाकडं बघितलं, वरच्या पायऱ्यांकडं बघितलं, विचार केला. मग पायरीवर फतकल मारली.

"हो," ती म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. "दमली!" भीमराज मागं वळून सगळ्यांना म्हणाला. "दमलीय ती! बसा सगळे."

आणि सगळे बसले. चिमाबाई, अंबूबाई, अंजली, पहिल्या मजल्यावरची माणसं, ज्याला जिथं पायरी मिळाली तिथं. खोका हातोहात फिरला. बोधीनं एक पेढा संपवला, हात फ्रॉकला पुसले, थोडा वेळ बसून राहिली. मग कुणी न सांगता उठली आणि पुढच्या पायरीवर गुडघा टेकवला.